अपिलाची पायरी कोणासाठी?



कपाशी-ज्वारीचं सोडून आम्ही आज लंडनच्या कोर्टाचं काय काढलं, असं तुम्हाला वाटेल. ऐका.

मुंबईत पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या शाखेतून हमीपत्रं निघाली. त्यांच्या भरवशावर दुसऱ्या बँकांच्या परदेशी शाखांनी पैसे दिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकेनं सुमारे ११ हजार ४०० कोटींचा आकडा जाहीर केला. हिऱ्यांचे व्यापारी नीरव मोदी जानेवारीतच देशाबाहेर गेले होते.

मार्च २०१९ मध्ये त्यांना लंडनमध्ये अटक झाली. आता पायऱ्या मोजा. फेब्रुवारी २०२१ मध्ये खालच्या कोर्टानं भारताच्या बाजूनं निकाल दिला. एप्रिलमध्ये तिथल्या गृहमंत्र्यांनी सही केली. मग हायकोर्टात अपील झालं. कारण दिलं मानसिक आजाराचं आणि आत्महत्येच्या धोक्याचं. कोर्टानं दोन मानसोपचारतज्ज्ञांची साक्ष ऐकली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अपील फेटाळलं, डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टात जायची परवानगीही नाकारली. विजय मल्ल्यांविरुद्ध निकाल लागला डिसेंबर २०१८ मध्ये. त्यांचा अपिलाचा रस्ता बंद झाला मे २०२० मध्ये. त्यानंतरही एक गोपनीय कायदेशीर बाब बाकी आहे, असं ब्रिटिश सरकारनं सांगितलं आणि पाठवणी अडली.

आम्ही त्या कोर्टांना नावं ठेवत नाही. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. माणसाला आपलं म्हणणं मांडता आलंच पाहिजे.

आमचा सवाल वेगळा आहे. सोसायटीचं कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो. त्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर कलम १५४ म्हणतं, आधी निम्मी रक्कम भरा. अहो, निम्मी रक्कम गाठीला असती तर माणूस थकला कशाला असता? आणि जप्तीची नोटीस हातात घेऊन बसलेल्या आपल्या भावाच्या मनाची साक्ष कोणतं कोर्ट ऐकतं?

कोट्यवधींच्या खटल्यात पायरीमागून पायरी आणि लाखाच्या थकबाकीला पहिल्याच पायरीवर कुलूप! त्यांच्या पायऱ्या तोडा, असं आम्ही म्हणत नाही. आमच्या पायरीवरचं कुलूप काढा, एवढीच मागणी आहे.

तोवर एक करा. दाखला आला तर घाबरून घरात बसू नका. मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, कारण अर्जाची मुदत दोन महिन्यांची आहे. सोसायटीकडून खात्याचा उतारा मागा, व्याज ओळीओळीनं तपासा. आणि कागद घेऊन बैठकीला या. एकट्यानं नाही, गावानं या.