भूमीखालचे पाणी : निपाणीत आणि मंगळावर

निपाणी परिसरात नवी विहीर काढावयाची म्हटली, की पाणाड्याला बोलावणे जाते. हातात नारळ किंवा बेचकीची ओली डहाळी घेऊन तो शेतातून फिरतो व एके ठिकाणी खूण करतो. मुरूम संपून काळा पाषाण लागला आणि तो कोरडा निघाला, तर तंबाखूवर मिळविलेला पैसा त्या छिद्रात जातो. न पाहिलेले पाणी ओळखण्याचा हाच प्रश्न मंगळाच्या अभ्यासकांपुढेही आहे.

युरोपीय अवकाश संस्थेने २००३ मध्ये सोडलेल्या ‘मार्स एक्स्प्रेस’ यानावर ४० मीटर लांबीची अँटेना आहे. तिच्यातून निघालेल्या रेडिओलहरींचा काही भाग पृष्ठभागावरून परततो, उरलेला बर्फ भेदून तळाशी आपटतो व किंचित उशिरा येतो. त्या विलंबावरून खोली समजते, आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून तळाशी काय असावे याचा तर्क करता येतो. पाण्यावरून येणारा प्रतिध्वनी कोरड्या खडकाहून कितीतरी प्रखर असतो. २०१२ ते २०१५ या काळातील नोंदींवरून इटालियन शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जाहीर केले की, दक्षिण ध्रुवाजवळ बर्फाखाली दीड किलोमीटरवर सुमारे २० किलोमीटर रुंदीचा खारट पाण्याचा साठा असावा. पुढे २०२१ मध्ये इतरांनी आक्षेप घेतला : गोठलेली चिकणमातीही असाच प्रतिध्वनी देऊ शकते.

ही चिकणमाती निपाणीकरांच्या परिचयाची आहे. काळी ओली जमीन रेडिओलहरी शोषून घेते. म्हणून येथे उपग्रह पाणी पाहत नाही, खडकातील भेगांच्या रेषा, नाल्यांची वळणे व उन्हाळ्यातही हिरवे राहणारे पट्टे दाखवितो. अशा प्रतिमांच्या साहाय्याने १:५०,००० प्रमाणाचे भूजल नकाशे झाले आहेत. नंतर शेतात चार खुंट्या रोवतात. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडून आतल्या दोहोंत दाब मोजतात. विद्युत्‌रोध कमी भरला की पाण्याची आशा धरावी. पण लाव्हाच्या दोन थरांमधील तांबडी माती येथेही फसविते, कारण तिचाही रोध कमीच असतो. गोकाककडे वालुकाश्म लागतो, तेथे हेच आकडे निराळे वाचावे लागतात. म्हणून शेजारच्या विहिरींत कोणत्या थराला पाणी लागले, ही चौकशी यंत्राच्या आकड्याइतकीच मोलाची आहे.

अखेर निपाणीत छिद्रण-यंत्र एका दिवसात निकाल देते. मंगळाच्या त्या बर्फावर अद्याप कोणतेही छिद्रण-यंत्र पोहोचलेले नाही.