मेन बंद केला म्हणजे वीज गेली असे नव्हे
(शाखेच्या सुरक्षा वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

लाइनवर, यार्डात, टपालाच्या सॉर्टिंग हॉलमध्ये सुरक्षेचे नियम पाळले जावेत म्हणून आपण प्रशासनाशी भांडतो. घरी आलो की मात्र आपलेच हात बेफिकीर होतात. म्हणून आज मागण्यांवर न बोलता छतातल्या दिव्यांवर बोलणार आहोत.

निवृत्तीच्या पैशातून घेतलेल्या घरात आता पीओपीचे छत आणि त्यात बसवलेले गोल एलईडी दिवे सर्रास दिसतात. त्यातला एखादा बंद पडतो. एका दिव्यासाठी वायरमन लवकर येत नाही. मग आपणच स्टुलावर चढतो.

आमच्या शाखेतील एक निवृत्त साथी असेच चढले. ओव्हरहेड तारेच्या देखभालीत त्यांची ३० वर्षे गेली होती. २५,००० व्होल्टच्या त्या तारेला, परमिट टू वर्क हातात आल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याशिवाय, त्यांनी कधी हात लावला नाही. घरी मात्र त्यांनी फक्त मेन स्विच बंद केला. प्लास्टिकचे स्टूल आम्हीच धरले होते. दिवा बिघडलेलाच, तेव्हा तो पेटून इशारा देणार कसा? मेन बंद होताच घरातल्या इन्व्हर्टरने त्याच लाइनला वीज दिली. उघड्या जोडाला बोट लागले, झटका बसला आणि ते खाली आले. जीव वाचला, मनगट मोडले. इन्व्हर्टरची आठवण त्यांना झाली नाही, तशी आम्हालाही झाली नाही. ही चूक दोघांची होती.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात घ्या. इन्व्हर्टरची वीजही २३० व्होल्टचीच असते. आधी इन्व्हर्टर बंद करावा, मग मेन. नुसते भिंतीवरचे बटण बंद करून भागत नाही. चुकीच्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असते; दिवा विझतो, पण फेज वर तशीच राहते. बोर्डापाशी घरातले एक माणूस उभे करावे. आपण खाली उतरून सांगेपर्यंत त्याने कोणाला हात लावू देऊ नये. हाच आपला घरचा ब्लॉक.

दुसरी गोष्ट, वीज गेल्याची खात्री. मेन बंद करण्याआधी टेस्टर चालू प्लगवर लावून तो पेटतो का ते पाहावे. तरीही एकट्या टेस्टरवर विसंबू नये. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास तो मंद पेटतो, दिसतही नाही. दोन वायरींचा टेस्ट लॅम्प फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असा दोन्हीकडे लावावा. तोही आधी चालू प्लगवर तपासलेला असावा.

आता प्रत्यक्ष काम. दिवा थंड होऊ द्यावा. डोळ्यांवर चष्मा लावावा, पीओपीची भुकटी खाली पडते. मजबूत लाकडी घोडी घ्यावी, प्लास्टिकची खुर्ची नको. कडेखाली दोन्ही बाजूंनी बोटे घालून दिवा सरळ खाली ओढावा. त्याला आत दोन स्प्रिंगच्या क्लिपा असतात. दिवा छिद्रातून सुटताना त्या जोरात मिटतात आणि बोट चिमटते. म्हणून एकेक क्लिप धरून सोडावी. दिवा वायरीवर लोंबकळत ठेवू नये. वायरीला जोडलेली छोटी डबी म्हणजे ड्रायव्हर. तिच्यात थोडा वेळ वीज साठून राहू शकते, म्हणून पाच मिनिटे थांबावे. कनेक्टर असेल तर तो धरून काढावा, वायर ओढू नये. जोड सोडवण्याआधी टेस्ट लॅम्प पुन्हा एकदा लावावा.

नवा दिवा त्याच दिवशी बसवायचा नसेल, तर प्रत्येक वायरीचे टोक वेगळे कनेक्टरमध्ये बंद करावे आणि झाकणाच्या डबीत ठेवावे. नुसती टेप गुंडाळून छतात ढकललेली वायर पुढच्या माणसाचा घात करते.

वायर काळवंडलेली असेल, छतात ओल असेल, अर्थची वायरच नसेल, तर खाली उतरावे आणि परवानाधारक वायरमन बोलवावा. दिवा बदलणे वेगळे, वायरिंगला हात घालणे वेगळे. रेल्वे किंवा टपाल क्वार्टरमध्ये तर वायरिंगची जबाबदारी प्रशासनाची आहे. तक्रार लेखी नोंदवावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. दुरुस्ती झाली नाही तर तो क्रमांक घेऊन शाखेकडे यावे. तो हातात असला म्हणजे आम्हाला भांडता येते.

त्या साथींनी प्लास्टर निघाल्यावर राहिलेले दिवे स्वतःच बदलले. बोर्डापाशी आम्ही उभे होतो. परमिट देणारा साहेब घरी नसतो, साथींनो. ते आपणच आपल्याला द्यायचे, आणि खात्री झाल्यावरच द्यायचे. एवढे सांगून आम्ही रजा घेतो.