भाडेकरार संपल्यावर : हक्क कुणाचे, कर्तव्य कुणाचे?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, कमिटीचे पदाधिकारी, सभासद बंधू-भगिनींनो आणि आपल्या इमारतीत भाड्याने राहणारी कुटुंबं,

शेवटचा उल्लेख मी मुद्दाम केला. पंचवीस वर्षांच्या कौतुकात आपण सभासदांची नावं घेतो. पण मधल्या काळात इथे राहून गेलेली भाडेकरू कुटुंबंही याच जिन्याने चढली-उतरली, गणपतीच्या आरतीला उभी राहिली. आज विषय त्यांचा आहे आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी सेक्रेटरी होतो. एका फ्लॅटचा करार जानेवारीअखेर संपला. भाडेकरूंची मुलगी दहावीला. परीक्षा होईपर्यंत राहू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मालक बाहेरगावी राहायचे. त्यांना जास्त भाड्याचं गिऱ्हाईक मिळालं होतं. त्यांचा फोन आला, "साहेब, पाणी बंद करा, आपोआप जातील." सभासदाचं ऐकायचं असतं, असं मला वाटलं. मी प्लंबरला सांगून व्हॉल्व्ह बंद करवला.

संध्याकाळी ती मुलगी बादली घेऊन खालच्या नळावर उभी. मला म्हणाली, "काका, फक्त आमच्याकडेच पाणी नाही का?" मी "बघतो" म्हणालो आणि घरी आलो. रात्री जेवण गेलं नाही. सकाळी आपल्याच इमारतीतल्या एका वकील सभासदांकडे गेलो. ते म्हणाले, "करार मालक आणि भाडेकरूचा. सोसायटी त्यात कुठे आली? आधी पाणी सोडा, मग चहा घ्यायला या." पाणी सोडलं, चहाला गेलो. त्या दिवशी जे शिकलो, ते आज सांगतो.

आपल्याकडे घर देतो ते बहुतेक 'लिव्ह अँड लायसन्स'वर. पागडीच्या जुन्या भाडेकरूला कायद्याचं मोठं संरक्षण असतं, लायसन्सवर राहणाऱ्याला तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून, म्हणजे साधारण आपल्या सोसायटीच्याच वयाचा. त्याचं कलम २४ स्पष्ट आहे : मुदत संपली की घर रिकामं करून द्यायचं. नाही दिलं तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई भरावी लागते. तेव्हा भाडेकरूंनो, "बघू, कोर्टात वर्षं जातात" या भरवशावर राहू नका. प्राधिकाऱ्याचं समन्स आलं तर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ते राहून गेलं तर निकाल विरोधात जातो.

मग भाडेकरूला हक्कच नाहीत का? आहेत, आणि पहिला हक्क फार मोठा आहे. बाहेर काढायचं तर कायद्याच्या मार्गानेच. कुलूप बदलणं, सामान जिन्यात ठेवणं, वीज तोडणं, वॉचमनला सांगून गेटवर अडवणं, हे चालणार नाही. ताब्यात असलेल्या माणसाचा राहण्याचा हक्क संपला असला, तरी मालकाने त्याला जबरदस्तीने हुसकावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय. ते प्रकरणही मुंबईचं आणि लायसन्सवरच्या जागेचंच होतं. याच भाडे कायद्याचं कलम २९ तर सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज तोडायला मनाई करतं. लायसन्सवाल्याला तिथे 'भाडेकरू' म्हणायचं का, यावर वकील वाद घालतील. आपण तो वाद व्हॉल्व्हपाशी सोडवू नये.

दुसरं, करार. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?" हे मी आजही ऐकतो. महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अटींबद्दल वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोंदणी ही मालकाच्याच फायद्याची.

तिसरं, डिपॉझिट. भांडणं इथेच होतात. राहायला येताना दोघांनी मिळून घराचे फोटो काढा. पंखे, गिझर, चाव्या यांची यादी करून सह्या करा. रंगाचा खर्च कुणाचा, ते करारातच लिहा. जाताना तीच यादी घेऊन घर पाहा, मीटरचं रीडिंग घ्या, आणि किल्ली व डिपॉझिट एकाच बैठकीत द्या-घ्या. कापून घेतलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब कागदावर मागा. पैसे बँकेतूनच फिरवा.

आता कमिटीसाठी दोन शब्द. सभासदाने भाडेकरू ठेवताना सोसायटीला आधी लेखी कळवावं, कराराची प्रत द्यावी, पोलिसांकडे माहिती द्यावी. आपण नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घ्यावेत, तेही सेवा आकाराच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. घर रिकामं करवणं हे आपलं काम नाही. पाणी आणि लिफ्ट ही वसुलीची हत्यारं नाहीत.

त्या कुटुंबाचं काय झालं? मालकांना बोलावून ऑफिसात सगळ्यांना बसवलं. दोन महिन्यांचा नवा करार नोंदवला, थोडं भाडं वाढलं, ३१ मार्चला घर सोडायचं ठरलं. त्यांनी तारीख पाळली, मालकांनी त्याच दिवशी डिपॉझिटचा चेक दिला. जाताना ती मुलगी पेढे देऊन पाया पडली. मला मात्र तिची बादलीच आठवत होती. तिची माफी मागायची राहून गेली. निदान आज, तुम्हा सर्वांसमोर मागतो.

आपल्यापैकी बरेच जण इथे यायच्या आधी भाड्यानेच राहत होते. करार संपत आला की पोटात कसा गोळा येतो, ते आपण विसरू नये, एवढीच विनंती.