एका गिटारचे आठ आवाज

रिचर्ड रॉजर्स या अमेरिकन संगीतकारानें १९३२ सालीं एका बोलपटासाठीं ‘लव्हर’ या गीताची चाल बांधली. पुढें लेस पॉल या वादकानें ती विजेच्या गिटारवर वाजविली, आणि तिची ध्वनिमुद्रिका कॅपिटॉल कंपनीनें १९४८ सालीं प्रसिद्ध केली. ती ऐकणाराला प्रथम वाटतें कीं, हा गिटारवादकांचा एखादा ताफाच असावा. कोणी खालच्या सुरांचा आधार देत आहे, कोणी मधल्या पट्टींत साथ करीत आहे, तर कोणी तारसप्तकांत इतक्या द्रुत लयीनें धांवत आहे कीं, मनुष्याच्या बोटांना हें साधावें कसें, याचें नवल वाटावें. वस्तुतः वादक एकच आहे. गिटारचे आठही भाग लेस पॉल यानेंच एकामागून एक वाजविलेले आहेत.

कलावंतानें आपली साथ आपणच करावी, ही कल्पना अगदींच नवी नव्हती. सिडनी बेशे यानें १९४१ सालीं ‘द शेक ऑफ अरेबी’ या मुद्रिकेंत सहा वाद्यें एकट्यानें वाजविलीं होतीं. लेस पॉलचा विशेष हा कीं, त्यानें ही रीत एकाच वाद्यासाठीं वापरली आणि त्या वाद्याचा पूर्वीं न ऐकलेला नाद तींतून निर्माण केला.

हॉलिवुड येथील आपल्या घराच्या मोटारखान्यांत त्यानें ध्वनिमुद्रणाची व्यवस्था केली होती. चुंबकीय फीत अमेरिकेंत त्या वेळीं नुकतीच येऊं लागली होती. त्याचें काम तबकड्यांवर चाले. पहिला भाग एका तबकडीवर कोरावयाचा. मग ती तबकडी लावून तिच्या जोडीला दुसरा भाग वाजवावयाचा, आणि दोहोंचें मिश्रण दुसऱ्या कोऱ्या तबकडीवर उतरवावयाचें. मग ती लावून तिसरा, आणि असेंच आठव्यापर्यंत.

या रीतींत एक मोठी अडचण होती. तबकडीवरून तबकडीवर आवाज उतरवितांना दर खेपेस त्याचें तेज थोडें कमी होतें. उंच स्वरांची धार बोथट होते आणि पृष्ठभागाची खरखर वाढते. आठ भाग एकेक करून चढवावयाचे म्हटले, म्हणजे पहिल्या भागाची सात वेळां नक्कल होणार, आणि आठवा तेवढा ताजा राहणार. शिवाय एकदां मिसळलेले भाग पुन्हा वेगळे करतां येत नसत. तिसरा भाग मोठा झाला आहे, हें सहाव्या वेळीं लक्षांत आलें, तर मागील तबकडीकडे परत जाण्यावांचून गति नसे. म्हणून ज्या भागाचा आवाज मंद झाला तरी चालेल, असा साथीचा भाग तो आधीं वाजवी, आणि ज्यावर श्रोत्याचें चित्त खिळावयाचें तो मुख्य भाग शेवटीं ठेवी. स्पष्टता कोणाच्या वांट्यास यावी, हें पहिली तार छेडण्यापूर्वींच ठरवावें लागे. मनाजोगी मुद्रिका हातीं येईपर्यंत सुमारे ५०० तबकड्या त्यानें टाकून दिल्या, असें सांगतात.

तबकडीच्या गतींत किंचित् चढउतार झाला तरी सूर डळमळतो, आणि आठ थरांत तो दोष उघडा पडतो. यास्तव कोरणीच्या यंत्राला त्यानें कॅडिलॅक मोटारीचें जड गतिचक्र बसविलें होतें. त्याच्या भारामुळें तबकडी एकसारखी फिरे.

कांहीं भाग मात्र त्यानें मुद्दाम यंत्राची गति निम्मी करून मुद्रित केले. आधींचे भागही तेव्हां निम्म्या गतीनें, एक सप्तक खालीं उतरून ऐकूं येत. त्यांच्याशीं लय जुळवून तो सावकाश वाजवी. तबकडी नेहमींच्या गतीनें फिरूं लागली कीं, नवा भाग दुप्पट द्रुत होई आणि एक सप्तक वर चढे. छेडलेल्या तारेचा नाद विरण्यास लागणारा वेळही निम्मा होई. त्यामुळें ते सूर गिटारचे न वाटतां, जलतरंगाच्या लहानशा वाटीवर काडी पडावी तसे क्षणभर खणखणून मिटतात.

ही मुद्रिका तयार झाली तेव्हां लेस पॉलचा उजवा हात धडधाकट होता. १९४८ च्या जानेवारींत ओक्लाहोमा राज्यांत त्याच्या मोटारीला अपघात होऊन त्या हाताच्या कोपराचा चुरा झाला. कोपर पूर्ववत् होण्याची आशा नव्हती. तेव्हां गिटार छेडतां येईल अशा कोनांत हात बसवावा, असें त्यानें शल्यवैद्यांना सांगितलें, आणि त्यांनीं तसेंच केलें. त्या वांकलेल्या हातानें तो पुढें साठ वर्षें वाजवीत राहिला. २००९ सालीं तो निवर्तला. ‘लव्हर’मध्यें ऐकूं येतो तो हात मात्र त्यापूर्वींचा आहे.

१९४९ सालीं गायक बिंग क्रॉस्बी यानें त्याला अँपेक्स कंपनीचें फितीचें यंत्र दिलें. त्यांत फेरफार करून त्यानें हीच रीत फितीवर चालविली. पण तेथें नवा भाग चढवितांना जुनें मुद्रण पुसलें जाई, आणि एका चुकीनें सारेंच काम वायां जाई. १९५७ सालीं आठ भाग शेजारीशेजारी, परंतु स्वतंत्रपणें मुद्रित करणारें यंत्र त्याच्या हातीं आलें, आणि पहिल्या भागानें शेवटच्यासाठीं झिजावयाचें कारण उरलें नाहीं.

आजकाल जुन्या मुद्रिकांची खरखर यंत्रानें गाळून त्या नव्यानें प्रसिद्ध करितात. ‘लव्हर’च्या बाबतींत हें काम नाजूक आहे. येथील खरखर एका तबकडीची नसून एकावर एक चढलेल्या अनेक तबकड्यांची आहे, आणि तळाचे मंदावलेले भाग तिच्यांतच गुंतलेले आहेत. ती फार गाळली तर वरचा चमकदार सूर कदाचित् तरेल, पण त्याला उचलून धरणारे साथीदार नाहींसे होतील. म्हणून हें वादन ऐकतांना थोडी खरखर सोसावी आणि कान वरच्या सुरावर न ठेवतां तळाशीं न्यावा. सात नकला सोसून उरलेली ती पहिली गिटार तेथें अजून ऐकूं येते.