पोलीस भरती : नियम, अपवाद आणि गावाची जबाबदारी



शासकीय सेवेत सर्वांना समान संधी मिळावी, हे राज्यघटनेच्या 16 व्या अनुच्छेदाचे मूळ सूत्र आहे. त्याच अनुच्छेदाच्या चौथ्या खंडाने मागासवर्गीयांसाठी आरक्षणाची मुभा दिली आहे. नियमाला अपवाद जोडला गेला तो समता मोडण्यासाठी नव्हे, तर ती प्रत्यक्षात आणण्यासाठी, ही गोष्ट पेण व रोहे तालुक्यांच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते.

पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण ही शैक्षणिक अर्हता आहे. उंची पुरुषांना 165, तर महिलांना 155 सेंटिमीटर लागते. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गास 28 वर्षे आहे, मागासवर्गीयांस 33. प्रकल्पग्रस्तांसाठी ती 45 पर्यंत शिथिल केलेली असून त्यांना 5 टक्के समांतर आरक्षणही आहे. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे, तर नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प रोहे तालुक्यात. ज्यांच्या जमिनी अशा प्रकल्पांत गेल्या, त्या कुटुंबांना या तरतुदीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

अपवादांची कक्षा काळानुरूप रुंदावते. करोनाच्या साथीत भरती लांबल्यामुळे 2022 मध्ये शासनाने वयोमर्यादा ओलांडलेल्यांना एकवेळची सवलत दिली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तृतीयपंथी उमेदवारांसाठी पोलीस भरतीचे दार उघडले.

तथापि सवलतीलाही मर्यादा असते. वयाची अट शिथिल झाली, तरी मैदानी चाचणीतील धाव शिथिल होत नाही. आणखी एक बाब शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. नक्षलग्रस्त भागासाठी असलेल्या खास सवलती रायगडास लागू नाहीत. म्हणून बारावीपूर्वीच शाळा सुटलेल्या कातकरी वाडीतील तरुणास पाच वर्षांची वयसवलत असूनही अर्ज करता येत नाही. त्याच्यापुढचा अडसर वयाचा नसून शाळेचा आहे. कातकरी समाज केंद्राने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणला आहे. तेव्हा येथे शाळेतील गळती थांबविणे हेच भरतीचे पहिले पाऊल होय.

दुसरी अडचण दाखल्यांची. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, प्रकल्पग्रस्ताचा दाखला यांपैकी एखादा कागद वेळेत हाती नसला, तर कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहतो. जाहिरात निघाल्यावर तलाठी कार्यालयाकडे धावाधाव करून तो मिळेलच, असे नाही.

यास्तव ग्रामपंचायतींनी दरवर्षी शाळा सोडणाऱ्या व सोळा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलामुलींची यादी करावी, पात्र कुटुंबांचे दाखले आधीच काढून घ्यावेत, आणि भरतीची माहिती वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचवावी. सवलत देणे शासनाचे काम आहे. ती हक्काच्या माणसाच्या हाती पोहोचते की नाही, हे मात्र गावाने पाहावयाचे आहे.