रक्त कमी झाले, पण कोणत्या वाटेने?



अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने साऱ्या शास्त्राचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. आज ती बाजूला ठेवतो आणि आपल्या केसपेपरवर रोज लिहिल्या जाणाऱ्या एकाच शब्दाबद्दल बोलतो: अॅनिमिया.

संकरित गाय वैरणीला तोंड लावत नाही, दूध आटले आहे, अंग तापले आहे. पापणी खाली ओढली तर आतले कातडे पांढरेफटक. आपण 'अॅनिमिया, गोचीड ताप' असे लिहितो, बुपारव्हाक्वोन किंवा डिमिनाझिन टोचतो, लोहाचे इंजेक्शन देतो, लिव्हर टॉनिक लिहून देतो आणि पुढच्या गोठ्याकडे निघतो. एका डॉक्टरमागे किती गावे आहेत हे मी जाणतो, त्यामुळे हे दोष देण्यासाठी सांगत नाही. पण रक्त कमी झाले एवढेच पापणी सांगते. ते अंगाबाहेर गेले, अंगातच फुटले, की मुळात तयारच झाले नाही, हे ती सांगू शकत नाही. आणि उपचार तर त्याच उत्तरावर ठरतो.

रक्त बाहेर जाते ते कृमी आणि गोचिडांमुळे. चौथ्या पोटातला हिमॉन्कस, भाताच्या पट्ट्यात गोगलगायींमार्फत पसरणारे यकृतातले पर्णकृमी, आणि अंगावरच्या गोचिडी. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लसची एक मादी फुगून गळून पडेपर्यंत साधारण अर्धा ते एक मिलिलिटर रक्त पिते. कासेवर, शेपटीखाली, मानेच्या पोळीत अशा शेकडो माद्या असल्या तर हिशेब आपणच करावा. इथे पेशींबरोबर प्रथिने आणि लोहही शरीराबाहेर जातात. म्हणून जबड्याखाली पाणी उतरते आणि म्हणून इथे लोह व पेंडीचा खुराक दोन्हींची खरी गरज असते.

बबेसिया आणि अॅनाप्लाझ्मा यांची गोष्ट निराळी. बबेसियात तांबडी पेशी रक्तवाहिनीतच फुटते, हिमोग्लोबिन लघवीत उतरते आणि मालक सांगतो, "डॉक्टर, काळ्या चहासारखी लघवी होतेय." अॅनाप्लाझ्मात बाधित पेशी प्लीहा आणि यकृतात गिळल्या जातात, लघवी लाल होत नाही, कावीळ मात्र दिसते. पेशी आतच मोडत असल्याने बरेचसे लोह शरीरातच राहते. अशा जनावराला सवयीने लोह टोचल्याने विशेष काही साधत नाही. आणखी एक गोष्ट नवोदितांनी ध्यानात ठेवावी. व्यायल्यानंतर काही आठवड्यांत म्हशीला किंवा गाईला लाल लघवी झाली आणि ताप नसला, तर आधी स्फुरदाची कमतरता आठवावी. तिथे डिमिनाझिन देत बसलो तर जनावर हातचे जाते.

तिसरी वाट थायलेरियाची, आणि तीच आपल्याकडे सर्वांत फसवी. थायलेरिया अॅन्युलाटा आधी पांढऱ्या पेशींत शिरतो आणि त्यांना बेसुमार वाढायला लावतो. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी होते ती यामुळेच. ती सुईने टोचून स्लाइड केली तर आत कॉखचे निळे पिंड दिसतात. पुढे परजीवी तांबड्या पेशींत उतरतो. मग बाधित पेशींबरोबर निरोगी पेशीही भक्षक पेशींच्या तोंडी जातात, पांढऱ्या पेशी घटतात, प्लेटलेट उतरतात, डोळ्यांच्या आतल्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. चौथ्या पोटात व्रण पडून शेण काळे येऊ लागते. एवढी झीज चालू असताना अस्थिमज्जेने नव्या पेशी धडाधड बाहेर काढायला हव्यात. पण पुष्कळ जनावरांत ती गप्प राहते. निरोगी प्रौढ गाईच्या रक्तात अपक्व तांबड्या पेशी जवळजवळ नसतातच. रक्त गेल्यावर चार-पाच दिवसांत त्या दिसू लागल्या, पेशींत निळसर बारीक ठिपके दिसू लागले, की मज्जा कामाला लागली असे समजावे. थायलेरियाच्या रोग्यात हे ठिपके शोधूनही सापडत नाहीत तेव्हा मला काळजी वाटते. ताप उतरला, परजीवी मेला, मालक खूश झाला, आणि गाय दोन आठवड्यांनी बसली ती उठलीच नाही. ही हकीकत या सभागृहातल्या बहुतेकांना ऐकून माहीत असेल.

या तिन्ही वाटा वेगळ्या ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. ईडीटीएच्या कुपीतले रक्त पंच्याहत्तर मिलिमीटरच्या काचेच्या नळीत ओढा, एक टोक बंद करा आणि पाच मिनिटे फिरवा. मग नळी उजेडाकडे धरा. तळाशी तांबडा स्तंभ असतो, तो पीसीव्ही. गाईत तो साधारण २४ ते ४६ टक्के असावा. त्यावर पांढऱ्या पेशींचा पातळ थर, आणि वर प्लाझ्मा. प्लाझ्मा गुलाबी-लाल दिसला तर पेशी वाहिनीतच फुटताहेत, गर्द पिवळा दिसला तर कावीळ. पाण्यासारखा पातळ आणि प्रथिने कमी निघाली, तर रक्त अंगाबाहेर जात असल्याचा संशय घ्यावा. संकरित गाईंचा चारा हिरवा असेल तर प्लाझ्मा थोडा पिवळा असतोच, हेही लक्षात असू द्या. जनावराला शोष पडला असेल तर पीसीव्ही खोटा वाढलेला दिसतो, म्हणून तो एकटा वाचू नये. आणि पांढऱ्या थराच्या सीमेवर सूक्ष्मदर्शक लावला तर सर्‍याचे ट्रिपॅनोसोम वळवळताना दिसू शकतात. एका नळीत एवढे सारे दिसते, आणि आपण तिचा फक्त आकडा टिपून ती फेकून देतो.

स्लाइडचेही तेच. कानाच्या शिरेतला थेंब, पातळ लेप, लगेच मिथेनॉल, मग गिम्सा. थायलेरियाच्या अंगठ्या आणि स्वल्पविरामासारखे आकार, बबेसियाच्या टोकाशी जुळलेल्या जोड्या, अॅनाप्लाझ्माचा पेशीच्या कडेचा गडद ठिपका. हा शेवटचा ठिपका रंगाच्या कणाशी आणि केंद्रकाच्या उरलेल्या तुकड्याशी हमखास गल्लत करायला लावतो, म्हणून घाईत वाचलेल्या स्लाइडवर माझा विश्वास नाही. निदान वेगळे झाले की औषधही बदलते: बुपारव्हाक्वोन थायलेरियाला, डिमिनाझिन बबेसियाला, ऑक्सिटेट्रासायक्लिन अॅनाप्लाझ्माला. तिन्ही एकदम टोचणे ही अडचणीतली सोय आहे, तिला पद्धतीचा मान मिळू नये.

गोचीड नियंत्रणाचेही असेच. थायलेरिया पसरवणारी हायलोमा गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत, दगडांच्या फटींत दडते. ऱ्हिपिसेफॅलस आयुष्य एकाच जनावराच्या अंगावर काढते आणि बबेसिया अंड्यांतून पुढच्या पिढीला देते. फक्त गाईवर औषध फवारून भिंत तशीच सोडली, तर थायलेरिया पुढच्या उन्हाळ्यात परत येणारच.

या विद्येशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला गेली आणि पुढे तिचीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. त्याच १८९३ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी टेक्सास ताप, म्हणजे बबेसियाचाच आजार, गोचिडीमार्फत पसरतो हे सिद्ध करून दाखवले. आणि अलीकडची गोष्ट आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातली. तिथल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात जनावरांचा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय सापडला. ही भारतातली माणसातली पहिली नोंद २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या रक्तात या परजीवीला मारणारे अपोलिपोप्रोटीन एल-१ हे प्रथिनच नव्हते, हे नंतर उलगडले. तो सापडला कसा? कोणीतरी रक्ताची स्लाइड मन लावून पाहिली म्हणून.

आता माझी मागणी. खिल्लार, देवणी, डांगी, गवळाऊ, लाल कंधारी आणि आपल्या संकरित गाई यांचे रक्ताचे नेहमीचे आकडे वय, गाभणपण आणि ऋतू यांनुसार आपल्यापाशी असायला हवेत. परदेशी पाठ्यपुस्तकातल्या मर्यादा लावून आपण देवणीच्या कालवडीला आजारी ठरवू नये, आणि आजारी संकरित गाईला धडधाकटही म्हणू नये. दुसरे असे, की उपचाराच्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी अशा तीन नळ्या प्रत्येक गोचीड तापाच्या रोग्याच्या घ्याव्यात. पीसीव्ही १२-१५ टक्क्यांच्या खाली घसरला आणि गाय धापा टाकू लागली, तर रक्त देण्याची तयारी ठेवावी. गाईंत पहिले रक्त बहुधा सोसते. मात्र दात्याची स्लाइड आधी बघावी, नाहीतर एका गाईचा परजीवी दुसरीला आपणच देऊ.

नोंदींचा एक कागदी तक्ता कार्यवाहांकडे दिला आहे. जनावराची जात, वय, व्यायल्याची तारीख, गोचिडांचा अंदाज, प्लाझ्माचा रंग, पीसीव्ही आणि स्लाइडवर काय दिसले, एवढेच रकाने आहेत. ज्या दवाखान्यांत नळी फिरवायचे यंत्र आहे, त्यांनी दुपारच्या सत्राआधी नावे द्यावीत. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी स्लाइड तरी पाठवाव्यात. पुढच्या अधिवेशनात एक पूर्ण सत्र या नोंदींसाठी राखून ठेवावे, असा प्रस्ताव मी सभेपुढे मांडतो.