गांवची सभा आणि आपलें कर्तव्य
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत धावडा येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं गतकालाचें गुणगान करणें सोपें असतें, आणि तें आज येथें यथायोग्य झालेंही आहे. आम्ही मात्र एका साध्या गोष्टीविषयीं बोलणार आहों. माणसांनीं एके ठिकाणीं जमावें, समोरासमोर बसावें, गांवच्या कारभाराविषयीं व कलेविषयीं ऐकावें आणि प्रश्न विचारावे, एवढीच ती गोष्ट. ती इतकी साधी आहे कीं तिची किंमत आपल्या ध्यानांतून गेली आहे.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १८७५ सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. विद्वानानें बोलावें आणि सामान्य नागरिकानें ऐकून विचार करावा, अशी ती प्रथा आजही चालू आहे. परंतु अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचा हा आपला भोकरदन तालुका त्या काळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि येथील स्थिति निराळी होती. पुढें त्या संस्थानांत ‘गश्ती निशाण ५३’ या नांवाचें सरकारी परिपत्रक निघालें. त्याअन्वयें आगाऊ परवानगी घेतल्यावाचून सार्वजनिक सभा भरवितां येत नसे. चार माणसें एकत्र येऊन काय बोलतील, याचें भय राज्यकर्त्यांस वाटत होतें. सभेची शक्ति किती, हें सभेला बंदी करणारानें जितकें ओळखलें, तितकें आज मोकळीक असूनही आपण ओळखलें आहे काय?

राजकारणाची वाट अडली म्हणून लोक घरीं स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं ग्रंथालयें काढलीं, शाळा चालविल्या, उत्सव व साहित्यसभा भरविल्या. जेथें कविता ऐकण्यास माणसें जमतात, तेथें हळूहळू गांवच्या सुखदुःखाचीही चर्चा होते. अशी भूमि तयार झाल्यावर १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. तें कोठें भरलें? हैदराबादेस नव्हे, औरंगाबादेसही नव्हे, तर परतूर येथें. तें परतूर आज आपल्याच जालना जिल्ह्यांत आहे. थोर गोष्टींना मोठेंच शहर लागतें असें नाहीं, हें त्या गांवानें दाखवून दिलें. पुढें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें आणि आपणांस मोकळेपणानें एकत्र बसण्याचा हक्क मिळाला.

त्या हक्काचें आपण काय केलें, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

आज महाराष्ट्राच्या कायद्यानें प्रत्येक गांवीं वर्षांतून निदान चार ग्रामसभा भरविणें आवश्यक आहे. त्यापूर्वीं स्त्रियांची निराळी सभाही घ्यावी लागते. सरकारी योजनांचा लाभ कोणास द्यावा, तें ठरविण्याचा अधिकार या सभेस आहे. गणपूर्तीस एकूण मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १००, यांतील जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. तेवढेही जमले नाहींत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस मग गणपूर्तीची अट राहत नाहीं. याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. आपण गेलों नाहीं म्हणून निर्णय थांबत नाहीं. तो आपल्यावाचून होतो. मग पाण्याची टांकी भलत्याच आळीला गेली, घरकुलाच्या यादींत गरजवंताचें नांव आलें नाहीं, अशी कुरकुर ओट्यावर बसून करण्यांत काय हंशील?

आपल्यांपैकीं कित्येकजण म्हणतात, “आपण संख्येनें थोडे, आपलें देऊळ बरें, आपलें शेत बरें.” ही नम्रता नव्हे, हा संकोच आहे. दुसरे कांहीं म्हणतात, “राजकारणाचा विषय ख्रिस्तमंदिराच्या आवारांत नको.” यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. कोणत्याही पक्षाचा प्रचार देवळाच्या छायेंत होतां कामा नये. परंतु गांवचें पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना यांची चिंता वाहणें म्हणजे पक्षबाजी नव्हे, तो शेजारधर्म आहे. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें सार्वजनिक जीवनांत भाग घेणें हें ख्रिस्ती माणसाचें कर्तव्यच सांगितलें आहे.

कलेविषयींही तेंच म्हणावें लागेल. फादर स्टीफन्स यांनीं ख्रिस्तपुराण रचलें आणि तें १६१६ सालीं छापलें गेलें. तें त्यांनीं ओवींत रचलें, कारण येथील माणूस ओवी कानांनीं ऐकून हृदयांत सांठवितो, हें त्यांनीं जाणलें होतें. मराठी वाणी ही आपणांस कोणीं उसनी दिलेली नाहीं; चार शतकें ती आपलीही आहे. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीस कांहींनीं विरोध केला. तरी मराठवाड्याच्या भूमींत एक कॅथोलिक धर्मगुरु मराठी सारस्वताच्या अध्यक्षपदीं बसला. फादर दिब्रिटो २०२४ सालीं निवर्तले. त्यांचें हें उदाहरण मात्र आपणांपाशीं राहिलें आहे. जो सर्वांच्या सभेंत जातो, त्यालाच सर्वजण आपला म्हणतात.

कोणी म्हणेल, हल्लीं हातांतल्या फोनवर जगांतली सर्व व्याख्यानें ऐकूं येतात, मग जमावें कशाला? आमचें उत्तर असें आहे कीं, यंत्रांतला वक्ता आपली मुद्रा पाहत नाहीं, आणि शेजारीण उठून प्रश्न विचारते तेव्हां जें धैर्य आपणांस येतें, तें यंत्र देत नाहीं.

म्हणून आमची एक सूचना आहे. प्रत्येक ग्रामसभेच्या आधीं एके सायंकाळीं या आवारांत सर्व गांवकऱ्यांची बैठक भरावी. कोणत्याही जातिधर्माच्या माणसास मज्जाव नसावा. आरंभीं भजन, भारूड, पोवाडा किंवा मुलांचें नाटुकलें व्हावें. नंतर ग्रामसभेच्या नोटिशींतील विषय मोठ्यानें वाचून दाखवावे आणि जाणत्या माणसानें ते समजावून सांगावे. प्रश्न विचारण्याचा पहिला मान स्त्रियांचा असावा. कोणीही मतें मागूं नयेत. शेवटीं, ग्रामसभेस कोण कोण जाणार, त्यांचीं नांवें वहींत लिहून घ्यावीं. यास पैका लागत नाहीं. सतरंजी, दिवा आणि दोन घटकांचा वेळ पुरे.

बंधुभगिनींनो, ज्यांना बोलण्याची बंदी होती, त्यांनीं परतुरास सभा भरविली. आपणांस बंदी नाहीं, आणि आपली जागा मात्र रिकामी राहते. ज्युबिलीचे दिवे विझल्यावर या मांडवाची सतरंजी गुंडाळून न ठेवतां पुढील बैठकीसाठीं ती पुन्हां अंथरावी, एवढीच आमची विनंति आहे. प्रभु आपणां सर्वांस ती सद्बुद्धि देवो, आणि या गांवचें कल्याण करो.